ड्रॅगनचे मागचे पाय

ड्रॅगनला एकूण चार पाय होते, आणि त्यातले मागचे दोन संपावर जायच्या बेतात होते. पुढच्या दोघांना याचा पत्ताच नव्हता.

पुढचे पाय मोठ्या साडूंचे, मागचे धाकट्या साडूंचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून नात्याने साडू. आणि गेली एकोणीस वर्षं दोघं कामानेही एकाच कातड्यातले. सिनेमांत घोडा झाले, गाढव झाले, एकदा उंटसुद्धा झाले, तेव्हा कुबडाची जबाबदारी कोणाची यावर दोन्ही घरांत आठवडाभर अबोला होता. पुढे कोण आणि मागे कोण याबद्दल मात्र कधी वाद झाला नाही. मोठ्या बहिणीचा नवरा मागे कसा राहील? ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आमचे हे पुढे." धाकटीने विचारलं, "आणि आमचे?" तर म्हणाली, "अगं, कोणीतरी मागे लागतंच की!"

तेव्हापासून सिनेमावाल्यांच्या जगात धाकटे साडू झाले 'मागचे काका'. मोठे साडू अर्थात 'पुढचे काका' झाले, पण मागचे काका त्यांना दादा म्हणायचे, म्हणून आपणही दादाच म्हणू.

कातड्यात शिरलं की मागच्या माणसाचं जग एवढंस्सं होतं. कमरेत वाकायचं, दोन्ही हातांनी पुढच्याचा कमरपट्टा धरायचा, कमरेला बांधलेली शेपूट सांभाळायची आणि पुढच्याच्या टाचांकडे बघत चालायचं. संपलं जग! पुढच्याला निदान जबड्यातल्या जाळीतून दिवे दिसतात, कॅमेरा दिसतो, हिरोचा पावडर लावलेला चेहरा दिसतो. मागच्याला टाचा. मागच्या काकांना दादांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या टाचा जास्त ओळखीच्या झाल्या होत्या, भेगांसकट.

आताचा सिनेमा परीकथेचा होता आणि विनोदी होता. भित्रा राजपुत्र, गुहेत कोंडलेली राजकन्या आणि दारात पहारा देणारा ड्रॅगन. सगळे म्हणत होते, ड्रॅगन कॉम्प्युटरवर करा. पण दिग्दर्शिका मॅडमचा हट्ट, "मला घाम येणारा ड्रॅगन पाहिजे." घ्या! घाम तर इतका येत होता की संध्याकाळी कातडं सोललं की आतून बादलीत बुडवून काढलेले दोन गृहस्थ बाहेर पडायचे.

सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मागच्या काकांनी ठरवलं होतं, हा शेवटचा. डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले होते, "या गुडघ्यांत आता उरलंय काय? वाकून चालणं बंद म्हणजे बंद." बंद करायला काकांची ना नव्हती. ते दमले होते. रात्रभर झोपून सकाळी उठलं तरी कालचं दमणं उशाशी बसलेलं असायचं. फक्त दादांना सांगायचं होतं, आणि तिथेच घोडं अडत होतं. कारण मागचा गेला की पुढचाही गेला. दादांना दुसऱ्या कोणाबरोबर चालताच येत नव्हतं. एकदा काका तापाने फणफणले होते म्हणून त्यांच्या जागी कसरतवाला एक तगडा माणूस आणला, तर दादांनी दुपारी घोड्याचं डोकं काढून आपटलं. "हा माझा पट्टा धरतोय की गळा?" असं म्हणून ते जे घरी आले, ते काका बरे होईपर्यंत गेलेच नाहीत.

म्हणून काका पहिल्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले नाहीत. आणि मग तो मंगळवार आला.

मंगळवारी राजपुत्राचं भाषण होतं. ड्रॅगन आ वासून उभा, आणि राजपुत्र त्याला सांगतोय की मी तुला मारणार आहे, पण आधी आपण चर्चा करू. भाषण लांबलचक आणि हिरोचं पाठांतर कच्चं. सात वेळा चुकला. दर वेळी दोन्ही साडू पुन्हा पहिल्या खुणेवर जायचे, पुन्हा गुहेतून बाहेर यायचे, पुन्हा उभे राहायचे. आठव्या वेळी काकांच्या गुडघ्यांनी काकांना न विचारता निर्णय घेतला आणि ते खाली बसले.

आता हे बाहेरून कसं दिसलं असेल बघा. पुढे ड्रॅगन मान फिरवून डरकाळी फोडतोय, आणि मागे त्याच ड्रॅगनचं बूड, दिवसभर रांगेत उभ्या राहिलेल्या बाईसारखं, अगं आई गं करत हळूहळू जमिनीला टेकतंय. शेवटी शेपूट जराशी वर उचलली गेली आणि धप्पकन पडली.

आधी कॅमेरावाला हसून फुटला. मग मॅडम. मग वरच्या फळीवर दिवे धरून बसलेली माणसं. राजपुत्राला तर उरलंसुरलं भाषणही आठवेना. आत अंधारात बसलेल्या काकांना वाटलं, आता शिव्या बसणार. पण मॅडमचा आवाज आला, "वा, वा, वा! ड्रॅगन, कमाल! हेच ठेवायचं!"

चहाच्या वेळी दादा भलतेच खुशीत होते.

"ऐकलंस?" कपातला चहा तसाच ठेवून ते म्हणाले. "मी मान अशी तिरकी केली ना, बरोब्बर तिथे फुटले सगळे! एकोणीस वर्षं डोकं हलवतोय, पण असा हशा पिकलेला कधी ऐकला नव्हता रे."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. जाळीतून पुढचं सगळं दिसतं, मागचं काहीच दिसत नाही. आणि दादा मॉनिटर कधी बघायचे नाहीत. स्वतःचं काम बघितलं की हात बिघडतो, असा त्यांचा नियम. युनिटमधल्या प्रत्येकाला वाटत होतं, दादांना माहीतच असणार, आपलं कातडं काय करतंय ते माणसाला माहीत नसेल होय?

"काय रे, बोलत नाहीस?"

"नाही, म्हणजे... मान छानच झाली," काका म्हणाले आणि जिभेवर आलेलं चहाबरोबर गिळून टाकलं.

"अजून दहा वर्षं सहज काढू आपण! बघच तू."

एक खोटं जपायला दुसरं लागतं. पुढच्या चार दिवसांत मॅडमनी काकांना बाजूला घेऊन घेऊन नवीन गोष्टी सांगितल्या. काका, इथे जरा पायावर पाय टाका. काका, इथे शेपटीने पाठ खाजवा. काका, राजपुत्र तलवार उपसतो तेव्हा कंटाळल्यासारखे भिंतीला टेका ना. दर वेळी सेट हसायचा, दर वेळी दादांची मान आणखी तिरकी व्हायची. शनिवारपर्यंत ती इतकी तिरकी झाली की ड्रॅगनला लचक भरली आहे असं वाटावं.

"काका, ते दमणं कसं करता हो तुम्ही?" मॅडमनी एकदा अगदी मनापासून विचारलं. "इतकं खरं वाटतं!"

"सवय आहे," काका म्हणाले.

घरी बायको दारातच विचारायची.

"सांगितलंत?"

"आज नाही जमलं गं."

"तुमचा हा आज संपतो कधी?"

"ते फार खुशीत होते. म्हटलं, कशाला..."

"खुशीत आहेत तेव्हाच सांगा. रडत असतील तेव्हा सांगायला जाल तर तुम्हीही रडत बसाल." तिने गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवली, जराशी जोरातच. "ताईला माहीत आहे. मीच बोलले तिच्याशी."

काका दचकले. "मग तिने दादांना सांगितलं?"

"छे! ती म्हणाली, तुझ्या नवऱ्याचे गुडघे, तुझ्या नवऱ्याने सांगावं. बरोबरच आहे तिचं."

बोलायलाही जोर लागतो. पिशवी थंड होईपर्यंत काका तसेच भिंतीकडे बघत बसले, आणि थंड झाल्यावरही तसेच, कारण ती बाजूला ठेवायची म्हणजे हात उचलायला हवा.

सोमवारी मॅडम नाचतच आल्या. नवीन प्रसंग लिहिला होता. ड्रॅगन राजपुत्राला घाबरून पळतो आणि गुहेच्या अरुंद दारात अडकतो. डोकं आत, मागचा भाग बाहेर.

"तीन मिनिटं पडद्यावर फक्त तुम्ही, काका! फक्त मागचा भाग! हिरोचा मॅनेजर फोन करकरून रडतोय, की म्हणे ड्रॅगनच्या बुडाने आमच्या हिरोला खाल्लं."

"आणि दादा?"

"दादांना सुट्टी! डोकं आतच आहे ना, दिसतच नाही. आराम करू दे त्यांना."

सुट्टी. काकांना मॅडमचा राग आला नाही. त्यांना काय माहीत? त्यांना वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाला आराम देतोय. फक्त आराम चुकीच्या म्हाताऱ्याला दिला होता.

संध्याकाळी फोनवर निरोप आला, 'उद्या फक्त मागचे काका.' तो दोघांनाही गेला. पाच मिनिटांत दादा फोन घेऊन दारात हजर.

"हे बघ, लिहिणाऱ्याने अर्धंच लिहिलंय. पुढचे काका राहूनच गेलेत."

"राहिले असतील," काका म्हणाले. स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज झाला.

"राहिले म्हणजे काय? फक्त मागचा भाग घेऊन कोण काय करणार? मी येतोच आहे उद्या. माझ्याशिवाय तू चालणार कसा, सांग?"

तेव्हा सांगता आलं असतं. दार होतं, उजेड होता, घरात दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं. बायको होती, पण ती तर वाटच बघत होती. काकांनी तोंड उघडलं. "या मग, बरोबरच जाऊ," एवढंच बाहेर पडलं.

सेटवर प्लायवूडची गुहा तयार होती. दाराच्या भोकात ड्रॅगनचा मागचा भाग बसवायचा होता, आणि त्यासाठी टेलरबाईंनी कातडं बरोबर मध्ये कापलं होतं. डोकं आणि पुढचे पाय एका खुर्चीवर घडी करून ठेवले होते. दादा त्या खुर्चीसमोर उभे राहिले.

"कापलं?"

"मॅडमनी सांगितलं, दादा. पुन्हा शिवते ना मी, कळणार पण नाही."

दादांनी ड्रॅगनच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग काकांकडे बघितलं. काका शेपटीचा पट्टा बांधण्यात गर्क होते. तो पट्टा बांधायला एरवी अर्धं मिनिट लागायचं.

"दादा, या ना, इथे माझ्याशेजारी बसा," मॅडम हाक मारत होत्या. "मॉनिटरवर बघा आज मजा!"

दादा नाही म्हणाले नाहीत. दुसरीकडे कुठे बसायचं हेच त्यांना कळत नव्हतं.

काका आत शिरले. वाकले. आणि हात पुढे केले तर धरायला काहीच नाही. समोर टाचा नाहीत, नुसता प्लायवूड. त्यांनी फळीची कड धरली. बाहेरून मॅडम म्हणाल्या, "काका, आधी ढकला, मग ओढा, मग जे काय तुम्ही करता ते करा." घंटा झाली.

काकांनी ढकललं. ओढलं. एक पाय वर उचलून दाराला लावला आणि जोर केला. बाहेर खिदळणं सुरू झालं. दुसरा पाय लावायला गेले आणि दोन्ही हवेत राहतात की काय असं झालं; खिदळणं वाढलं. मग ते थांबले. शेपूट खाली गेली. कंबर खाली गेली. आणि ते बसले, मंगळवारसारखे, थकून, हळू, एकेक सांधा विचारत विचारत.

सेट नुसता दणाणला. कातड्यातून नुसते आवाज येतात, आणि काकांना एव्हाना प्रत्येकाचं हसणं ओळखू यायला लागलं होतं. मॅडमचं उंच, कॅमेरावाल्याचं खोकल्यासारखं, टेलरबाईंचं तोंडावर पदर धरून दाबलेलं. एक आवाज त्यात नव्हता.

"कट! काका, तुम्ही म्हणजे ना!" मॅडम ओरडल्या. "अजून एक घेऊ. याच्याहून जरा जास्त, हं? अगदी गळून गेल्यासारखं!"

काका कसेबसे उठले. याच्याहून जास्त. ढकललं. ओढलं. पाय उचलला. या वेळी बसायचं ठरवायच्या आधीच ते बसलेले होते, आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कट्‌ वाजलं. फळी हातातून सुटली. उठायला गेले तर पाय त्यांचा नव्हताच.

बाहेर हसणं सुरू झालं होतं.

"मला उठता येत नाहीये," काका म्हणाले.

एकच हशा. ड्रॅगनचं बूड बोललं होतं!

"अहो, खरंच उठता येत नाहीये हो."

आता तर लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेताला आले. "कॅमेरा थांबवू नका, थांबवू नका!" मॅडम कुजबुजत ओरडत होत्या. "कसला सोन्यासारखा चाललाय शॉट!" काकांनी शेपूट हलवून हाक मारायचा प्रयत्न केला, तर त्यालाही टाळी पडली. घाम डोळ्यांत जात होता, तो पुसायलाही हात वर जाईना. वाटलं, बसू दे असंच. हसून हसून थकतील तेव्हा घरी जातील, मग येईल कोणीतरी.

"थांबवा ते!"

दादांची डरकाळी. सिनेमातली डरकाळी नंतर दुसऱ्याच कोणाच्या आवाजात भरणार होते. ही त्यांची स्वतःची होती. हशा मध्येच तुटला. पावलं धावत आली, सरळ कॅमेऱ्यासमोर. कोणीतरी म्हणालं, "दादा, शॉटमध्ये आलात!" आणि दादा म्हणाले, "चुलीत गेला तुमचा शॉट." कातड्याची चेन सर्रकन उघडली. उजेड आत आला.

दादांनी काकांच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं आणि जमिनीवरच टेकवून बसवलं. मग स्वतः समोर गुडघे टेकून त्यांचा पाय मांडीवर घेतला. गुडघा कलिंगडासारखा टम्म झाला होता.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. तीनही असतील."

"तीन वर्षं!" दादांचा आवाज चिरका झाला. "तू माझ्या पट्ट्यावर असा जड होत गेलास ना, मला वाटायचं तू मागे झोपतोस!"

"झोपतो?"

"मग काय! अंधार असतो, ऊब असते. म्हटलं, लागतो बिचाऱ्याचा डोळा. तू जागा होऊ नयेस म्हणून मी हळू चालायला लागलो. तो घोड्याचा दिग्दर्शक ओरडायचा, घोडा आजारी आहे का म्हणून, तरी मी हळूच चालायचो!"

काकांना हसू आलं. हसताना गुडघा दुखला, म्हणून ते अर्ध्यावरच सोडून दिलं.

"घरी माहीत आहे?"

"दोघींनाही."

"म्हणजे मी एकटाच शहाणा." दादा गुडघा चोळायला लागले. मग मान वर न करता म्हणाले, "आणि ते हसणं? ते माझ्या मानेला नव्हतं ना?"

काकांना खोटं बोलण्याचाही कंटाळा आला होता. "नव्हतं," ते म्हणाले.

दादांनी मान हलवली. चेहरा असा झाला होता की काकांना तो बघवेना; टाचा बऱ्या होत्या. "चांगला बसतोस हं," दादा शेवटी म्हणाले. "मी बघितलं ना आत्ता. आधी मलाही हसू यायला लागलं होतं. मग पायाची थरथर दिसली. ते नकली नाही हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार? पण तू मला सांगायला हवं होतंस रे. त्या मानेचं तरी."

"हो," काका म्हणाले. "हवं होतं."

मॅडम जवळ येऊन उभ्या होत्या. तोंड पार उतरलं होतं. "काका, मला खरंच वाटलं तुम्ही... डॉक्टरांची गाडी मागवली आहे. सॉरी." त्या घुटमळल्या. मग दिग्दर्शिकेतल्या दिग्दर्शकाला राहवेना म्हणून बोलूनच गेल्या, "तो शॉट... दादा यायच्या आधीपर्यंतचा... मी वापरला तर चालेल का? नाही म्हणालात तर टाकून देईन, शपथ."

"लाज नाही वाटत विचारायला?" दादा उसळले.

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वापरा," ते मॅडमना म्हणाले. "आता दुसरा मिळायचा नाही. उद्यापासून मी येत नाही. आता कधीच नाही."

सांगून झालं. इतके दिवस पोटात धरलेलं ओझं, आणि बाहेर पडायला चार वाक्यंसुद्धा लागली नाहीत. काकांना हलकं वगैरे वाटलं नाही. फक्त आणखी दमल्यासारखं वाटलं, पण आता दमायला हरकत नव्हती.

मॅडम मान डोलावून मागे सरकल्या. सेटवर कोणीतरी दिवे बंद करायला लागलं होतं. दादा अजून गुडघा धरूनच बसले होते.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "मी काय करायचं उद्यापासून?"

काकांनी खूप विचार केला. खरंच केला.

"माहीत नाही, दादा," ते म्हणाले. "गाडी येईपर्यंत बसा इथे."

दादा पाय पसरून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.